साथीदाराची बाजू

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडवर वाद निघाला की तो दोन नावांवर येऊन अडतो. वॉटर्स मोठा की गिल्मर? शब्द मोठे की गिटार? कॉलेजपासून मी हा वाद ऐकत आले आहे, आणि दोन्हीकडची माणसं जीव तोडून बोलतात. तिसरं नाव कुणी घेत नाही. माझं मत असं की या बँडचा जीव त्या तिसऱ्या नावातच आहे. रिचर्ड राइट. तो कीबोर्ड वाजवायचा, ऑर्गन वाजवायचा, पियानो वाजवायचा, अधूनमधून गायचा, आणि मुलाखतींमध्ये बहुतेक गप्प बसायचा. हे मत लोकांपुढे मांडायची, आणि तेही पेटी-तबल्यावर कान तयार झालेल्या नागपूरकरांपुढे, वेळ यंदा एप्रिलात आली.

लक्ष्मीनगरला आमच्या घराजवळ एक वाचनालय आहे. तिथे महिन्यातून एका संध्याकाळी श्रवणाचा कार्यक्रम होतो. कुणीतरी एक जण आपल्या आवडीचं संगीत ऐकवतो आणि त्यावर बोलतो. नाट्यसंगीत झालं, वसंतराव झाले, कुमारजी झाले, मदनमोहन तर दोनदा झाला. एके दिवशी पुस्तक बदलायला गेले तर सचिवकाका म्हणाले, "तू ते इंग्रजी काय ऐकत असते, ते ऐकव ना एकदा. पण नुसतं वाजवून मोकळी नको होऊ. समजावून सांगजो."

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. घरी येताना मात्र विचार करत आले की दीड तासात नेमकं काय सांगायचं. बँडचा इतिहास सांगत बसले असते तर वेळ त्यातच गेला असता: 1965 साली लंडनमध्ये सुरुवात, वॉटर्स, मेसन आणि राइट हे आर्किटेक्चरचे विद्यार्थी, सुरुवातीचा गायक-गिटारिस्ट सिड बॅरेट याची गाणी, मग 1968 मध्ये बॅरेटचं बाहेर पडणं आणि गिल्मरचं स्थिरावणं. हे सगळं कुणालाही वाचायला मिळतं. मला वाचनालयात जाऊन मत मांडायचं होतं, आणि मत मांडायचं म्हणजे ते ऐकणाऱ्याला स्वतःच्या कानाने पडताळून पाहता आलं पाहिजे.

म्हणून पहिलं काम वहीचं. रात्री जेवणं आटोपली की हेडफोन लावून बसायचे आणि पानाच्या डावीकडे मिनिट-सेकंद, उजवीकडे त्या जागी काय ऐकू येतं ते लिहायचे. अट एकच, की उजव्या बाजूला विशेषण येता कामा नये. 'अस अँड देम' या गाण्यापाशी ही अट फार जड गेली. 'द डार्क साइड ऑफ द मून' या 1973 च्या अल्बममधलं हे गाणं, पावणेआठ मिनिटांच्या वरचं. त्याच्याबद्दल मनात येतं ते सगळं विशेषणांतच येतं. उदास आहे, शांत आहे, पण म्हणजे काय? कुठला स्वर उदास आहे? पुन्हा पुन्हा ऐकल्यावर एवढंच लिहिता आलं: ऑर्गनने सुरुवात, बास एका स्वरावरून हलत नाही, वर काहीतरी बदलतं. ते "काहीतरी" माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मला सुरांची ओढ आहे, पण शास्त्र शिकलेले नाही.

मग महाल भागात पेटीवाल्या काकांकडे गेले. काकांनी उभा जन्म गावोगावच्या गवयांना साथ केली. रॉक म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे वरातीतला डीजे येतो, हे त्यांनी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. मी छोटा स्पीकर काढला आणि काही न बोलता 'अस अँड देम' लावलं. काका आधी दाराकडे बघत ऐकत होते. मग त्यांनी हात लांब करून पेटी ओढली, भाता सोडला आणि सूर शोधला. "पांढरी दोन," ते म्हणाले. "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. काकांनी डाव्या हाताने भाता चालू ठेवला आणि उजव्याचा अंगठा खालच्या षड्जावर दाबून धरला. "पाहा, खालचा सा सोडूनच नाही राहिला हा. तानपुरा लावल्यासारखा धरून ठेवला." मग बाकीची बोटं वर हलू लागली. "पहिले गंधार दाखवतच नाही, झाकून ठेवते. आता शुद्ध दाखवला. आता... थांब थांब, मागे घे. हां. कोमल केला! अन् वरतून निषाद शुद्धच ठेवला. पटदीप रागात असतो तसा." त्यांनी ती जागा पेटीवर वाजवून दाखवली: सा, कोमल गंधार, पंचम, शुद्ध निषाद, चारही पट्ट्या एकदम दाबलेल्या. सॅक्सोफोन नाही, ड्रम नाहीत, लंडनचा स्टुडिओ नाही, महालातल्या एका खोलीत जुन्या पेटीवर तो सूर उभा राहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं जे मला "उदास" म्हणून ऐकू येत होतं त्याला पत्ता मिळाला. शुद्ध गंधार क्षणभर दिसतो आणि लगेच कोमल होतो, म्हणजे अर्ध्या स्वराने खाली उतरतो, आणि खाली षड्ज मात्र जागचा हलत नाही.

"कोण आहे हा?" काकांनी विचारलं.

मी राइटबद्दल सांगितलं. ही चाल त्याने आधी आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 'झब्रिस्की पॉइंट' या सिनेमासाठी पियानोवर बांधली होती. दिग्दर्शकाने ती घेतली नाही. ती तशीच पडून राहिली आणि दोन-तीन वर्षांनी वॉटर्सचे शब्द लेवून 'डार्क साइड'मध्ये आली. काका ऐकत होते. गाण्याची ओळ संपते तिथे शब्दाचा शेवट घुमत राहतो, तेवढा वेळ ऑर्गन नुसता भरून राहतो, ती जागा त्यांनी बरोबर पकडली. "गवयाला दम घ्याले जागा देते हा. अन् ती जागा रिकामी वाटू देत नाही. साथ म्हणजे हेच तर असते."

त्या दिवशी माझ्या बोलण्याला कणा मिळाला. श्रोत्यांमधल्या निम्म्याहून अधिक लोकांनी कधी रॉक ऐकलं नव्हतं, पण साथीला बसणारा माणूस म्हणजे काय हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मैफल संपल्यावर फुलांचा गुच्छ कुणाला मिळतो आणि पेटीवर कापड कोण टाकतं, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. मी काकांना कार्यक्रमाला पेटी घेऊन यायची गळ घातली. आढेवेढे न घेता ते हो म्हणाले.

बाजू मांडायची तर अडचणीची गोष्ट आपणच आधी सांगावी, असं मी ठरवलं होतं. राइटच्या बाबतीत ती आहे. 1977 च्या 'ॲनिमल्स' अल्बममध्ये गीत-संगीताच्या श्रेयात त्याचं नाव एकाही गाण्याला नाही. 1979 मध्ये 'द वॉल'चं काम चालू असताना वॉटर्सने त्याला बँडमधून काढायला लावलं, आणि त्या दिवसांत राइटकडून फारसं काही येत नव्हतं हेही खरं. 1983 च्या 'द फायनल कट'वर तो नाहीच. हे लपवून मी त्याला बँडचा जीव म्हटलं असतं तर पहिल्याच प्रश्नाला गडबडले असते. आणि मला असंही वाटतं की 'द फायनल कट' ऐकताना जे कोरडेपण जाणवतं, तोच राइटच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. शब्द धारदार आहेत, गिटारही आहे, पण दोन ओळींच्या मधली हवा नाही.

आता गाणी निवडायची. इथे मात्र मत-बित बाजूला राहिलं आणि नागपूरचा उन्हाळा मध्ये आला. वाचनालयाच्या सभागृहात एसी नाही, खिडक्यांना दोन मोठे कूलर आहेत. एप्रिलात संध्याकाळी साडेसहालाही भिंती तापलेल्या असतात, कूलर बंद केला की पाच मिनिटांत माणसं कागदाने वारा घेऊ लागतात. आणि फ्लॉइडची गाणी सुरू होतात ती शांततेतून. 'डार्क साइड'ची सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते, ते ठोके आधी ऐकूच येत नाहीत, हळूहळू वर येतात. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' तर उगवतं म्हणावं असं सुरू होतं: काचेच्या पेल्यांच्या कडेवर बोट फिरवून काढलेले सूर आणि त्यावर राइटचा सिंथेसायझर, पहिला शब्द यायला आठ मिनिटं उलटून जातात. कूलरच्या घरघरीत यातलं काहीही टिकलं नसतं. राइटचं काम तर आधीच हळू आवाजाचं.

तेव्हा कार्यक्रमाचा क्रम कूलरने ठरवला. शांत तुकडा आला की कूलर बंद, त्यानंतर लगेच मोठ्या आवाजाचा तुकडा आणि कूलर चालू. माझा भाचा स्विचपाशी बसायला तयार झाला, त्याला मी खुणा लिहून दिल्या. स्पीकर त्याच्याच मित्राकडून आणले, कारण सभागृहातले स्पीकर भाषणासाठीचे, त्यांत बास येतच नाही. हवी तशी वायर बर्डीच्या बाजारात मिळाली. सचिवकाकूंनी कैरीचं पन्हं करून आणते म्हणून सांगितलं. श्रवणाच्या कार्यक्रमात पन्हं किती महत्त्वाचं असतं ते विदर्भाबाहेरच्या माणसाला नाही कळायचं.

कार्यक्रम 'मनी'ने सुरू केला. ते राइटचं गाणं नाही, वॉटर्सचं आहे, पण कान उघडायला त्याच्यासारखं गाणं नाही. नाण्यांचा, गल्ल्याचा, कागद फाटल्याचा आवाज टेपवर घेऊन ती टेप मापून कापली, जोडली आणि गोल फिरवली. त्या आवाजांतूनच ठेका सुरू होतो. मी एवढंच म्हटलं, "मात्रा मोजा." पहिल्या रांगेतल्या आजोबांची बोटं मांडीवर पडू लागली. मागे एक तबला शिकणारा मुलगा बसला होता, तो लगेच म्हणाला, "सात आहेत. रूपक!" तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "रूपक कसा होईल? रूपकात सम, म्हणजे पहिलीच मात्रा, 'खाली' असते, बिनवजनाची. इथे समेवर वजन आहे. तीव्रा ताल म्हण." मी गाणं थांबवलं नाही. सॅक्सोफोन सातातच वाजला आणि गिटारचा तुकडा सुरू झाला तसे दोघं-तिघं एकदम बोलले, "चारावर आलं!" ते बरोबर होतं. गिल्मरचा सोलो चार मात्रांत आहे आणि मग गाणं पुन्हा सातावर येतं. ज्यांनी आयुष्यात पिंक फ्लॉइडचं नाव ऐकलं नव्हतं ते लोक रॉकचे जुने भक्त हुकतात ती जागा पहिल्या ऐकण्यात पकडत होते. मला त्या क्षणी नागपूरचा फार अभिमान वाटला.

मग भाच्याने कूलर बंद केला आणि 'अस अँड देम' लावलं. त्यानंतर काकांनी पेटीवर तेच सूर उलगडून दाखवले: आधी झाकलेला गंधार, मग शुद्ध, मग कोमल. "खाली माझ्या अंगठ्याकडे पाहा," ते सांगत होते, "तो नाही हलून राहिला." मी मग गाणं दुसऱ्यांदा लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना सभागृहाचे चेहरे वेगळे होते. गरम होत होतं, तरी कुणी कूलर लाव म्हणालं नाही.

'द ग्रेट गिग इन द स्काय'बद्दल जास्त बोलावं लागलं नाही. राइटचा पियानो, आणि त्यावर क्लेअर टोरी या गायिकेचा आवाज. तिच्या गाण्यात शब्द एकही नाही. 1973 च्या जानेवारीत ती स्टुडिओत आली, काय गायचं ते धड कुणी सांगितलं नव्हतं, तिने तो पियानो ऐकत ऐकत आलाप घेतले आणि 30 पौंड घेऊन घरी गेली. पुढे 2004 मध्ये तिने श्रेयासाठी दावा लावला, 2005 मध्ये तडजोड झाली, आणि आता रचनेत राइटच्या जोडीने तिचं नाव येतं. एक गाणं शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं पडलं की पियानोने तिला रस्ता दाखवला, पण कुठेही हात धरून ओढलं नाही. माझ्या वहीत त्या गाण्याच्या पानावर याच्या जवळ जाणारं एकही वाक्य नव्हतं.

शेवटचा तुकडा मी फार जपून ठेवला होता. 'विश यू वेअर हिअर' हा 1975 चा अल्बम बॅरेटच्या आठवणीने भारलेला आहे. त्याच्याच ध्वनिमुद्रणाच्या काळात, 5 जूनला, बॅरेट अचानक स्टुडिओत आला. अंगाने सुटलेला, भुवयांसकट डोकं भादरलेलं. जुन्या मित्रांनी त्याला ओळखलंच नाही. ही गोष्ट सगळे सांगतात. 'शाइन ऑन'चा नववा, म्हणजे अखेरचा भाग एकट्या राइटचा आहे, हे क्वचितच कुणी सांगतं. त्यात गाणं नाही. आणि अगदी शेवटी, आवाज विरत असताना, राइट सिंथेसायझरवर एक जुनी ओळ हळूच वाजवतो. ती बॅरेटच्या 'सी एमिली प्ले'ची चाल आहे, 1967 ची. मी आधी ते जुनं गाणं थोडंसं ऐकवलं, मग कूलर बंद केला आणि नवव्या भागाचा शेवट लावला. ओळ आली तेव्हा काका माझ्याकडे बघून मान हलवत होते. वॉटर्सने बॅरेटसाठी शब्द लिहिले, गिल्मरने 'शाइन ऑन'मधली चार स्वरांची ती अजरामर जागा वाजवली. राइटने त्याला त्याचीच चाल परत दिली. माझ्या लेखी त्या अल्बममधलं सगळ्यात मोठं वाक्य ते आहे.

चर्चेत एक तरुण उठला. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, वॉटर्सचा कट्टर. त्याचं म्हणणं नीट मांडलेलं होतं: 'डार्क साइड'पासून सगळे शब्द वॉटर्सचे, कल्पना वॉटर्सची, आणि फ्लॉइडचा सगळ्यात ताकदीचा अल्बम 'ॲनिमल्स', ज्यात राइटचं नाव नाही. मग जीव त्याच्यात कसा?

मी त्याला 'ॲनिमल्स'मधलं 'शीप' ऐकतोस का विचारलं. रोज ऐकतो, म्हणाला. मग सगळ्यांना 'शीप'ची सुरुवात ऐकवली. मेंढ्यांचे आवाज, आणि एकटा इलेक्ट्रिक पियानो, कुरणावर ऊन उतरल्यासारखा. मग खालून बास येतो आणि धोका जवळ येतो. तो पियानो राइटचा आहे, पण रचनेच्या श्रेयात नाव फक्त वॉटर्सचं. पुढे येणारी दहशत लागते, कारण आधी त्या पियानोने शांतता उभी केलेली असते. मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, "पण ताई, शांतता उभी करायला सांगितलं कोणी? वॉटर्सनेच ना?" प्रश्न चोख होता. त्याला मी असं उत्तर दिलं की सांगणारा कुणीही असो, वाजवताना प्रत्येक स्वर निवडावा लागतो, आणि ते निवडणं म्हणजेच रचना. तो मान्य करेना. काका मात्र मध्ये पडले: "बाळा, साथीदार बदलून पाहजो एकदा. मग कळते."

मी गिल्मरचाही दाखला दिला. राइट 15 सप्टेंबर 2008 रोजी गेला, तेव्हा गिल्मरने 'अस अँड देम' आणि 'ग्रेट गिग' यांचं नाव घेऊन विचारलं होतं की ही दोन नसती तर 'डार्क साइड' काय राहिला असता? आणि 2014 चा 'द एंडलेस रिव्हर' राइटच्या 1993-94 मधल्या वादनावरच मुख्यत्वे उभा आहे. मुलाने ते ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं, पण मत सोडलं नाही. मला ते आवडलं. पन्ह्याचे ग्लास हातात घेऊन आम्ही फाटकापाशी तोच वाद पुढे चालवत होतो, आणि गाणं शिकवणाऱ्या बाई तबलेवाल्या मुलाला रूपक आणि तीव्र्यातला फरक टाळी देऊन दाखवत होत्या.

ऑगस्टमधला कार्यक्रम आता त्या मुलाला दिला आहे. विषय 'द वॉल', बाजू वॉटर्सची. तयारीसाठी माझी वही मागून नेली आहे त्याने. मी त्याला एवढंच सांगून ठेवलं आहे की 1980-81 च्या 'वॉल'च्या प्रयोगांचा हिशेबही सांगायचा. राइट तेव्हा बँडचा भागीदार नव्हता, पगारावर वाजवत होता. प्रयोगांचा खर्च इतका वाढला की नुकसान बाकीच्या तिघांनी सोसलं, आणि पैसे घेऊन घरी गेला तो राइट. मुलगा म्हणतो, याचा संगीताशी काय संबंध? काकांना तो संबंध पहिल्या फटक्यात कळला, आणि ऑगस्टला ते पुन्हा पेटी घेऊन येणार आहेत.